क्लिप समेवर सुटली पाहिजे

प्रश्न : आमचा भावगीतं-नाट्यगीतांचा छोटा ग्रुप आहे. मी एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक बनवतो आणि कार्यक्रमात लॅपटॉपवरून लावतो. पण गायकाने मुखडा एकदा जास्त घेतला की ट्रॅक पुढे निघून जातो आणि सगळ्यांची धांदल उडते. सॉफ्टवेअर बदलू का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी ट्रॅक बनवायची पद्धत बदला, सॉफ्टवेअरचं नंतर बघू. तुमचा ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग आहे म्हणून तो कोणासाठी थांबत नाही. मुखडा दोनदा घ्यायचा की चारदा हे गाणाऱ्याने तिथे स्टेजवर, समोरची दाद बघून ठरवायचं असतं आणि तो हक्क त्याच्याकडेच राहायला हवा, याबाबत मी ठाम आहे. बर्लिनच्या एबलटन कंपनीचं लाइव्ह हे सॉफ्टवेअर २००१ साली आलं ते याच गरजेतून, बनवणाऱ्यांपैकी गेरहार्ड बेहलेस आणि रॉबर्ट हेन्के स्वतः मोनोलेक या नावाने इलेक्ट्रॉनिक संगीत करायचे. त्यात सेशन व्ह्यू म्हणून एक चौकटींचा तक्ता असतो, उभ्या ओळीत एकेक वाद्य आणि आडव्या ओळीत गाण्याचा एकेक भाग. एका चौकटीतला तुकडा म्हणजे क्लिप, आणि अख्खी आडवी ओळ म्हणजे सीन. मुखड्याची ओळ वाजत ठेवायची, गायक अंतऱ्याकडे वळतोय असं दिसलं की पुढची ओळ दाबायची, तोपर्यंत मुखडा फिरत राहतो. एफएलमध्येही परफॉर्मन्स मोड आहे, त्यामुळे खर्च करण्याआधी एक गाणं तुकडे करून त्यातच बसवून बघा. जमलं तर पैसे वाचले.

प्रश्न : मी तबला शिकते आणि लाइव्हमध्ये लेहऱ्याच्या (आवर्तनाबरोबर फिरत राहणाऱ्या धुनेच्या) क्लिप लावून रियाज करते. कधी क्लिप बरोबर समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, सुरू होते, कधी आवर्तनाच्या मधेच. असं का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हा प्रश्न मला फार आवडला कारण यावर मराठीत कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. लाइव्हमध्ये क्लिप दाबली की ती लगेच वाजत नाही, पुढच्या बारची वाट बघते. वरच्या पट्टीत क्वांटायझेशनचं, म्हणजे क्लिप कुठे सुटावी हे ठरवणारं, सेटिंग असतं, ते मुळात १ बारवर असतं. आणि बार म्हणजे टाइम सिग्नेचरमध्ये जितक्या मात्रा लिहिल्यात तितक्या. तुम्ही ४/४ तसंच ठेवलं असणार, म्हणजे तीनतालात क्लिप समेवर सुटेल तशी पाचव्या, नवव्या, तेराव्या मात्रेवरही सुटेल, तुम्ही कधी दाबली त्यावर. तिथे सरळ १६/४ टाका. आता एक बार म्हणजे एक आवर्तन आणि क्लिप समेशिवाय सुटणारच नाही. झपतालाला १०/४, एकतालाला १२/४, रूपकाला ७/४. एक काळजी घ्या, मेट्रोनोम पहिल्या मात्रेवर जोर देतो आणि रूपकात सम ‘खाली’च्या, म्हणजे टाळी न देता मोजायच्या, मात्रेवर असते, तो जोर कानात बसला तर वजन बिघडतं. म्हणून मेट्रोनोम बंद करा आणि ठेक्याची क्लिपच लावा. कार्यक्रमात ताल बदलत असतील तर प्रत्येक सीनला स्वतःचा टेम्पो आणि टाइम सिग्नेचर देता येते, ती ओळ दाबली की दोन्ही आपोआप बदलतात.

प्रश्न : कीबोर्ड दाबला की आवाज उशिरा येतो. लॅपटॉप जुना आहे म्हणून का? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : थोडंफार लॅपटॉपमुळे असेल पण बहुतेक वेळा बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो, मोठा असतो. ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण १२ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे ३, आणि त्यावर इंटरफेस (लॅपटॉपला आवाज आत-बाहेर करून देणारी पेटी) आणि ड्रायव्हरचा वेळ वेगळा. विंडोज असेल तर ऑडिओ इंटरफेसचाच एएसआयओ (आवाज कमी उशिराने पोचवणारा) ड्रायव्हर निवडा, मग बफर १२८ वर आणा, कटकट आवाज यायला लागला तर २५६. जड सिंथचे जे ट्रॅक स्टेजवर हाताने वाजवायचे नाहीत ते फ्रीझ करून, म्हणजे आधीच तयार आवाजात बदलून, टाका, प्रोसेसरवरचा ताण लगेच उतरतो. आणि कार्यक्रमाच्या वेळी वायफाय बंद.

प्रश्न : क्रॅक व्हर्जन वापरलं तर काय बिघडतं? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : स्टेजवर बंद पडलं तर दाद कुणाकडे मागणार, शिवाय व्हायरस. लाइव्हची ३० दिवसांची ट्रायल मिळते, रीपर या दुसऱ्या सॉफ्टवेअरची ६० दिवसांची, आणि बऱ्याच मिडी कीबोर्ड-इंटरफेसबरोबर लाइव्ह लाइट ही छोटी आवृत्ती फुकट येते. शिकायला एवढं भरपूर आहे.

प्रश्न : आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात लावणीला ढोलकी लय वाढवत नेते आणि लॅपटॉप मागे राहतो. ढोलकीवाल्यांच्या कानात क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) द्यावी का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : कृपा करून देऊ नका. लय चढत जाणं हाच लावणीचा जीव आहे, ढोलकीला क्लिकला बांधलंत तर उरेल काय? लॅपटॉपने ढोलकीच्या मागे जायचं. २०२१ च्या लाइव्ह ११ पासून टेम्पो फॉलोअर नावाची सोय आहे, ढोलकीचा माइक ज्या इनपुटला आहे तो सेटिंगमध्ये निवडायचा आणि वरचं फॉलो बटण चालू करायचं, मग टेम्पो वाजवणाऱ्याबरोबर सरकतो. त्या माइकमध्ये बाकीचा गोंगाट कमी शिरला पाहिजे म्हणून माइक अगदी जवळ लावा. सरळ ठेक्यात हे छान चालतं, पण ढोलकी-घुंगरांची जुगलबंदी सुरू झाली की चुकू शकतं, तेवढ्यापुरतं फॉलो बंद करा आणि टॅप टेम्पो (ठोक्यांवरून लय ठरवणारं बटण) एखाद्या पेडलला जोडून पायाने लय द्या. ताल धरणाऱ्या लूप शक्यतो काढूनच टाका, ताल ढोलकीकडे राहू दे. सुरुवातीच्या आलापीला तानपुरा लावणार असाल तर त्या क्लिपचा वॉर्प (टेम्पोप्रमाणे क्लिप ताणायची सोय) बंद ठेवा म्हणजे टेम्पो हलला तरी तो हलणार नाही, फक्त वॉर्प बंद केला की क्लिप लूप होत नाही, त्यामुळे पूर्ण आलापीला पुरून उरेल एवढा लांब तानपुरा आधीच रेकॉर्ड करून ठेवा, आणि तोही गायिकेच्या पट्टीत. काळी चारचा तानपुरा वॉर्प बंद असताना ट्रान्सपोज करून काळी पाचला नेलात तर त्याचा वेगही वाढतो आणि तारांचा आवाज उथळ लागतो.