खुबा दुखतोय? आधी नेमकी जागा शोधा

ताई, तुम्ही लिहिलंत की रोज चालायला लागून तीन आठवडे झाले, खुबा धरला आणि त्या कुशीवर वळलं की बाहेरून दुखतं. म्हणून लगेच सांधा झिजला असं समजू नका. दुखतं तिथे बोट ठेवून बघा. जांघेत दुखत असेल तर बहुधा सांधाच. कुल्ल्यातून पोटरीपर्यंत मुंग्या येत असतील तर मूळ बहुतेक कमरेत. मग खुबा शेकून फार उपयोग नाही. आणि बाहेरच्या हाडापाशी, त्या कुशीवर वळलं की कळ येत असेल, तर बहुधा तिथल्या कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) दुखावलेल्या असतात. तुमचं तसंच वाटतंय.

सुरुवातीला एवढंच करा:

- चालणं थांबवू नका, निम्म्यावर आणा. चढ नको.
- दुखरी बाजू वर ठेवून झोपा, गुडघ्यांत जाड उशी.
- ओट्याशी एका पायावर रेलून उभं राहू नका. (सगळ्यांची खोड!)

पायावर पाय टाकून ताण देत बसू नका. मी महिनाभर तेच केलं आणि दुखणं वाढवून घेतलं. ताकदीचे व्यायाम नंतर बघू.

पडल्यानंतर पाय टेकवत नसेल, ताप असेल किंवा पूर्वी बरेच दिवस स्टेरॉइड घेतली असतील, तर मात्र थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जा.