माणसे किती, चुली किती?

या वेळच्या पत्रांतही तोच हिशेब आहे: लोकसंख्या वाढतेय, म्हणजे घरांचे भाव चढणारच. इतके सरळ ते नाही.

प्रश्न : आता घरोघरी एकच मूल. वीस वर्षांनी घरे घेणार कोण?
उत्तर : राज्याचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुले, २०१९-२१ च्या पाहणीतच १.७ वर आला होता, पण शहराकडे येणे आणि वेगळे राहणे थांबलेले नाही. मागणी लगेच आटणार नाही.

प्रश्न : मुंबई शहर जिल्ह्यातली माणसे घटली, मग भाव का उतरत नाहीत?
उत्तर : २००१ साली ३३.४ लाख होती, २०११ साली ३०.९ लाख. पण चाळीतल्या एका खोलीत आठ जण राहत, त्यांची आता दोन घरे होतात.

प्रश्न : बदलापूरच्या पुढे ४० लाखांचा वन बीएचके आहे. एजंट म्हणतो, दहा वर्षांत वस्ती दुप्पट होईल, भाडेकरू रांग लावतील. टोकन देऊ का?
उत्तर : आज देऊ नका. ‘दुप्पट’ कुठून आणले ते आधी विचारा. जनगणनेचे शेवटचे आकडे २०११ चे आहेत. जाहिरातीतल्या आलेखाची रेघ बहुतेक वेळा मागची वाढ पुढे ताणून काढलेली असते. शिवाय घर लागते ते चुलीला. लाख वस्तीच्या गावात घरटी पाच माणसे असतील तर २० हजार घरे पुरतात. घरटी चार झाली की २५ हजार लागतात, एकही माणूस न वाढता. उलट सहा कामगार मिळून एक खोली घेतात, तिथे माणसे वाढतात, घरांची मागणी नाही.

आणि विकले गेलेले घर म्हणजे राहते घर नव्हे. कामाच्या दिवशी रात्री नऊला, ताबा मिळून दोन वर्षे झालेल्या शेजारच्या इमारतीसमोर उभे राहा आणि उजेडाच्या खिडक्या मोजा. निम्म्या अंधारात असतील तर तेच रिकामे फ्लॅट उद्या भाड्यासाठी तुमच्याशी स्पर्धा करतील. सोसायटीच्या सचिवांना विचारा, मेंटेनन्स किती जणांचा थकलाय, टँकर किती येतात. सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा गोषवारा) काढून नोंदलेले भाव पाहा.

मग गणित करा. महिना ९ हजार भाडे म्हणजे वर्षाला किमतीच्या २.७ टक्के, तेही मेंटेनन्स आणि रिकामे महिने न धरता. ४० लाखांपैकी ३२ लाख कर्ज काढले तर महिन्याचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी, सुमारे २७,८०० रुपये. ‘उद्या भाव वाढतोय’ ही टोकन काढायची जुनी युक्ती आहे. नोंदणीकृत कराराआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. महारेरा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारे राज्याचे प्राधिकरण) क्रमांक स्वतः तपासा, करार वकिलांना दाखवा, हप्ता सीएंना.

प्रश्न : रत्नागिरीतले आजोबांचे घर बंद आहे. भाव येईपर्यंत थांबू का?
उत्तर : २००१ ते २०११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्याच घटली. कायम राहायला घर घेणारे तिथे थोडे, सुट्टीपुरते किंवा बागेसाठी घेणारे जास्त. थांबण्यात भावापेक्षा वारस जास्त वाढतात, आणि एक सही अडली की व्यवहार अडतो. वारसनोंद आत्ताच करा. विकायचे की नाही ते नंतर, वकिलांशी बोलून.

प्रश्न : आईवडील सत्तरीचे, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पाच वर्षांनी बदलू?
उत्तर : गुडघे चालताहेत तोवर बदला. पुढे ते घर घ्यायलाही वयस्कर गिऱ्हाईक येणार नाही. नवे घर बघताना मोजपट्टी न्या: न्हाणीघराचे दार तीन फूट हवे, अडीच फुटांतून चाकाची खुर्ची अडकू शकते. मजला ठरवण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.