अंगणातल्या झाडाला एकदम ढीगभर पेरू आलेत, नुसते खाऊन संपत नाहीत. स्वयंपाकात काय करता येईल? (नागपूर)

कडक पेरूंची भाजी करा. बिया काढून फोडी, मोहरी-जिऱ्याची फोडणी, हिंग, तिखट, पाण्याचा हबका आणि झाकण. फोडी मऊ झाल्या की गूळ. सावजी मसाला घालायचा मोह आपल्याकडे होतोच, पण टाळा. पेरूचा वास मरतो.

नुकत्याच पिकलेल्यांची जेली. फोडी बुडतील एवढ्या पाण्यात अर्धा तास उकळून फडक्यात बांधून रात्रभर टांगा. पिळू नका, जेली गढूळ होते. वाटीभर रसाला पाऊण वाटी साखर आणि लिंबू घालून आटवा. पेरूत जेली घट्ट करणारं पेक्टिन भरपूर, म्हणून वेगळं काही लागत नाही. फार पिकलेल्यांत ते कमी उरतं, त्यांची दह्यातली कोशिंबीरच बरी.