नव्वदीतल्या माजी सैनिकाचा नुसता सत्कार करावा की आणखी काही?

सत्कार जरूर करा, पण त्याआधी त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा, कारण हे काम पुढे ढकलण्यासारखं नाही. अमेरिकेच्या संसदेने २००० साली यासाठी खास प्रकल्पच सुरू केला. त्यात मुलाखत किमान ३० मिनिटांची लागते. सुरुवात लढाईपासून नको. भरतीचा दिवस, घरची पत्रं, तुकडीतले सोबती, यांवरून बोलतं करा. जुन्या फोटोत कोण कोण आहे ते तिथल्या तिथे लिहून घ्या. नंतर ती नावं सांगणारं कुणी उरत नाही, याची फार हळहळ वाटते. तारखा चुकल्या तर मध्येच टोकू नका, कागदपत्रांशी नंतर ताडून पाहा. मात्र एखाद्या प्रसंगापाशी ते गप्प झाले, तर तो विषय तिथेच सोडा.