चीफ डेटा ऑफिसर या पदाला पुढे भवितव्य आहे का?

तुमचा प्रश्न असा, की ॲनालिटिक्समध्ये बरीच वर्षं काढल्यावर आता चीफ डेटा ऑफिसर (संस्थेच्या सगळ्या डेटाची जबाबदारी असलेला वरिष्ठ अधिकारी) होण्याच्या मागे लागावं, की एआयच्या धामधुमीत ते पदच गुंडाळलं जाईल? मी एका खासगी बँकेत डेटा गव्हर्नन्स, म्हणजे डेटा बिनचूक ठेवण्याचे आणि वापरण्याचे नियम, बघतो, त्यामुळे ही खुर्ची जवळून दिसते. पद जाणार नाही. पण तुम्हाला ते ज्या कामासाठी हवंय, ते मॉडेल आणि डॅशबोर्डचं काम तिथे फारसं उरलेलं नाही.

हे पद पहिल्यांदा निर्माण केल्याचं श्रेय साधारणपणे अमेरिकेतल्या कॅपिटल वनला देतात, साल २००२. त्याला खरं वजन आलं ते २००८ च्या मंदीनंतर. बुडणाऱ्या संस्थेत आपले एकूण किती पैसे अडकलेत, हे भल्याभल्या बँकांना पटकन सांगता येईना. म्हणून बँकांसाठी आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या बासल समितीने जानेवारी २०१३ मध्ये जोखमीचा डेटा एकत्र करून कळवण्याबद्दलची ‘बीसीबीएस २३९’ ही तत्त्वं काढली आणि डेटा हा आयटीवाल्यांचा विषय थेट बोर्डाच्या टेबलावर गेला. सिटीबँकेला २०२० मध्ये ४० कोटी डॉलरचा दंड झाला, त्याच्या कारणांत डेटा गव्हर्नन्समधल्या त्रुटी होत्या. सुधारणा पुरेशी नाही म्हणून २०२४ मध्ये आणखी साडेतेरा कोटी डॉलर गेले. अशा बातमीनंतर इतर बँकांत या पदासाठी बजेट मागायला फार घसा कोरडा करावा लागत नाही.

रोजचं काम मात्र भांडणं सोडवण्याचं. ‘सक्रिय ग्राहक’ किती, एवढं साधं विचारा. मार्केटिंग ॲप उघडणारे मोजतं, फायनान्स खात्यात शिल्लक असलेले मोजतं, रिस्क पॅननुसार मोजतं. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात आणि तिघेही मागे हटायला तयार नसतात. बोर्डाला कुठला द्यायचा हे ठरवून त्यावर सही करणारा माणूस म्हणजे हा अधिकारी. त्याला एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) येतं का, हे तिथे कुणी विचारत नाही.

दुसरं दुखणं शाखेतलं. हजारो ग्राहकांची जन्मतारीख ०१/०१/१९०० निघते, कारण रकाना भरल्याशिवाय स्क्रीन पुढे सरकत नाही आणि काउंटरसमोर रांग असते. सॉफ्टवेअर बदलून हे थांबत नाही. शाखेच्या टार्गेटमध्ये ‘बिनचूक माहिती’ घालावी लागते, आणि त्यासाठी रिटेलच्या प्रमुखाशी वाकडं घ्यावं लागतं. (ते घेणारे फार थोडे भेटले.)

आता त्यात कायदा आलाय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. ग्राहकाने ‘नको’ म्हटल्यावर त्याचा नंबर कुठल्या कुठल्या एक्सेलमध्ये पडलाय, हे आधी माहीत तर हवं!

एआयने हे काम कमी केलं नाही, वाढवलं. चॅटबॉटला परिपत्रकं खायला घालायची ठरलं, की शेअर्ड फोल्डरमध्ये ‘फायनल’, ‘फायनल_२’ आणि ‘फायनल_नवीन’ अशा तीन फायली सापडतात. लागू कुठली, हे बॉट सांगू शकत नाही. पदाच्या नावात ‘एआय’ जोडलं जातंय त्याचं मला कौतुक नाही. अधिकार तेवढेच ठेवून फक्त जबाबदारी वाढवण्याचा तो स्वस्त मार्ग असतो.

तेव्हा मुलाखतीत पगाराआधी दोन गोष्टी विचारा: मी कुणाला रिपोर्ट करणार, आणि डेटा खराब आहे म्हणून एखादा प्रोजेक्ट थांबवायचा अधिकार मला आहे का? सीआयओच्या (आयटीच्या प्रमुखाच्या) हाताखाली आणि थांबवायचा अधिकार नाही, असं उत्तर आलं तर आहात तिथेच बरे आहात. सीईओ किंवा रिस्कच्या प्रमुखाला थेट रिपोर्टिंग असेल, तर तंत्रज्ञानाचा आणखी एक कोर्स करण्यापेक्षा वर्षभर कर्जविभागात किंवा ऑपरेशन्समध्ये बदली मागून घ्या.