बीट्स पण आणि फिल्म पण? मग सुरुवात अशी कर

भावा, बीट्स (रॅपखाली वाजणारं म्युझिक) बनवू की फिल्म, असं विचारलंस ना? दोन्ही कर, पण एकदम सुरू करू नको. वू-टँग या अमेरिकन हिप-हॉप ग्रुपच्या प्रोड्युसरचं, रिझाचंच बघ ना, ग्रुपचा पहिला अल्बम १९९३ चा, डिरेक्टर जिम जार्मुशच्या फिल्मला म्युझिक दिलं १९९९ ला, आणि स्वतः डिरेक्ट केलेली फिल्म थिएटरला लागली ती थेट २०१२ ला, मधे डिरेक्टर टॅरेंटिनोच्या सेटवर जाऊन नुसतं बघत शिकला. म्हणजे आधी बीट्स पक्के.

सध्या एवढंच:

- बीट पूर्ण कर. आठ बारचे लूप (परत परत वाजणारे छोटे तुकडे) सगळ्यांकडे पडून असतात, शेवटपर्यंत नेलेले ट्रॅक फार कमी जणांकडे.
- सॅम्पलची (दुसऱ्याच्या गाण्यातून उचललेल्या तुकड्याची) परवानगी आधी, एडिट नंतर. मी उलटं केलं आणि तयार शॉर्ट फिल्मचं अख्खं म्युझिक काढावं लागलं, फार जिव्हारी लागलं ते.
- डायलॉग चालू असताना बीट मागे घे. नवीन प्रोड्युसर हमखास इथेच चुकतो, ड्रम्स सोडवत नाहीत त्याला.

आणि एक करून बघच, ९० बीपीएमचा (मिनिटाला ९० ठोके) ट्रॅक सेकंदाला २४ फ्रेमच्या टाइमलाइनवर टाक, एक ठोका बरोब्बर १६ फ्रेमचा येतो, त्यावर कट मार, मग मुद्दाम दोन फ्रेम आधी मार, फरक तुझा तुलाच कळेल. लेन्स, मिक्सिंग वगैरे नंतर बोलू. एक मिनिटाचा कट झाला की दाखव, नक्की बघतो.