रात्री बनवलेला साइटमॅप सकाळी गायब होतो

प्रश्न : नमस्कार, मी रावेर तालुक्यातला. केळीचे रोजचे भाव गावनिहाय दाखवणारं वेब अ‍ॅप केलंय, मागच्या महिन्यात क्लाउडवर टाकलं. रात्री दोनला एक जॉब चालतो, तो साइटमॅपची, म्हणजे गूगलसाठी साइटवरच्या पानांच्या यादीची, फाइल बनवून पब्लिक फोल्डरमध्ये ठेवतो. लॉगमध्ये सगळं बरोबर दिसतं पण सकाळी फाइल उघडायला गेलं की ४०४, म्हणजे फाइलच सापडत नाही. घरच्या लॅपटॉपवर मात्र व्यवस्थित चालतं. कोड सोबत पाठवलाय, कुठं चुकतंय?

उत्तर : भाऊ, फाइल बनवणारा कोड ठीक आहे, ठेवायची जागा चुकलीय. अशा बऱ्याच प्लॅटफॉर्मवर अ‍ॅपला मिळणारी डिस्क तात्पुरती असते, रीस्टार्ट झाला की डिप्लॉयच्या, म्हणजे कोड क्लाउडवर चढवल्याच्या वेळची कॉपी परत येते आणि मधे लिहिलेलं सगळं जातं. हेरोकू या क्लाउड प्लॅटफॉर्मवर तर हा रीस्टार्ट रोज एकदा होतोच. आणि तुमच्याकडे अजून एक भानगड दिसते, रात्रीचा जॉब वेगळ्याच मशिनवर चालतो, फाइल तिथं बनते आणि जॉब संपला की तिच्यासकट ते मशिन बंद. म्हणजे घड सावद्याला उतरवले आणि गाडी रावेरात वाट बघत उभी, तसं झालं.

माझं ऐकाल तर फाइल ठेवूच नका. साइटमॅप डॉट एक्सएमएल या पत्त्याला एक रूट, म्हणजे तो पत्ता उघडला की चालणारा कोड, लावा, तो डेटाबेसमधून पानं काढून तिथल्या तिथं एक्सएमएल देईल, वर दोन-चार तासांचा कॅश (तयार उत्तराची साठवण) ठेवा म्हणजे डेटाबेसवर लोड येत नाही. एका साइटमॅपमध्ये ५०,००० पत्ते किंवा ५० एमबी चालतं, त्यापुढे गेलात तर तुकडे करून वर इंडेक्स, म्हणजे त्या तुकड्यांची यादी, लावायचा. फाइलच हवी असेल तर एसथ्रीसारख्या ऑनलाइन स्टोरेजवर टाका आणि तुमच्या रोबोट्स फाइलमध्ये (सर्च इंजिनांसाठीच्या सूचनांची फाइल) तिचा पूर्ण पत्ता द्या, डोमेन वेगळं असलं तरी गूगलला ते चालतं.

आता लास्टमॉड, म्हणजे पान शेवटचं कधी बदललं ती साइटमॅपमधली तारीख, आणि हे मात्र बदलाच. तुमचा कोड प्रत्येक पानाला आजची तारीख लावतो. फैजपूरचा भाव आज सकाळी बदलला आणि यावलच्या गेल्या वर्षीच्या पानाला कोणी हातही लावला नाही, तरी दोघांची तारीख एकच! गूगल ही तारीख खरी निघत असेल तरच धरतं, नाहीतर सोडून देतं, आणि तुमच्यासारख्या रोज भाव बदलणाऱ्या साइटचं त्यात खरंच नुकसान आहे. भाव शेवटचा कधी बदलला ते ठेवणारा भावाच्या टेबलातला अपडेटेड अ‍ॅट तिथं लावा. प्रायॉरिटी (पान किती महत्त्वाचं) आणि चेंजफ्रेक (पान किती वेळा बदलतं) या नोंदी गूगल बघतच नाही, काढून टाका. शेवटची पिंगची, म्हणजे साइटमॅप बदलल्याचं गूगलला कळवणारी, ओळ पण काढा, ती सोय बंद करत असल्याचं गूगलने २०२३ मध्येच सांगितलं होतं.

हे झालं की अ‍ॅप मुद्दाम एकदा रीस्टार्ट करा, साइटमॅप उघडा आणि आतल्या पत्त्यांत तुमचंच डोमेन आहे ना बघा, प्लॅटफॉर्मने दिलेलं फुकटचं नाव तिथं हमखास राहून जातं. मग साइटमालकांसाठीच्या गूगलच्या सर्च कन्सोलला नव्याने सबमिट करा.